मंगुस्तान आणि रातांबा

मुंबईच्या फळबाजारांत पावसाळ्याच्या सुमारास गडद जांभळ्या रंगाचें, मोसंब्याहून लहान आणि डोक्यावर जाड हिरवी टोपी घातलेलें एक फळ अलीकडे दिसूं लागलें आहे. विकणारा त्यास मँगोस्टीन म्हणतो. मराठींत मंगुस्तान असेंही त्याचें नांव लिहितात. भाव ऐकून पुष्कळ गृहिणी पुढें जातात. ज्या थांबतात, त्यांच्या घरीं फळ संपल्यावर बशींत एकदोन बिया उरतात, आणि प्रत्येक नव्या फळाबरोबर निघणारा तो प्रश्न निघतो: ही बी कुंडींत लावली तर?

प्रश्न दिसतो तितका हलका नाहीं. काशीगांवाचेंच उदाहरण घ्यावें. मीरा-भाईंदरच्या पूर्वेकडील हें गांव. एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगास सखल भूमि आणि तिच्यापलीकडे मिठागरें व खाडी. १९८५ सालीं आसपासच्या ग्रामपंचायती मिळून येथें नगरपरिषद झाली, २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि आतां मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गावरील एका स्थानकाला या गांवाचें नांव देण्यांत आलें आहे. जुन्या घराच्या मागल्या दारीं आंबा, फणस, जांभूळ यांपैकीं कांहींतरी असावें, ही येथली पूर्वीची रीत. नव्या इमारतींच्या आवारांत मात्र कुंपणाच्या भिंतीलगत हात-दीड हात रुंदीचा मातीचा पट्टा काय तो उरतो. त्या पट्ट्यांत एक झाड लावलें कीं दुसऱ्याला जागा नाहीं. शिवाय नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठीं महाराष्ट्रांत १९७५ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें, एकदां वाढलेलें झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. तेव्हां कोणतें झाड लावावें याचा विचार खड्डा खणण्यापूर्वीं झाला पाहिजे. चुकलेल्या झाडाची किंमत पैशांत थोडी असते. वर्षांत फार असते.

मंगुस्तान मूळचें मलाया व त्याच्या आसपासच्या बेटांकडील. तेथें वर्षांतून क्वचितच एखादा महिना कोरडा जातो, थंडी म्हणून नसते, आणि हवा सदैव दमट असते. २५ ते ३५ अंश उष्णतेंत हें झाड सुखानें वाढतें. २० अंशांच्या खालीं त्याची वाढ मंदावते, आणि पारा ५ अंशांवर आला तर तें मरतें. मुंबईच्या परिसरांत इतकी थंडी पडत नाहीं हें खरें. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं ७.४ अंशांपर्यंत उतरलेला पारा हा तेथला नीचांक मानला जातो. परंतु डिसेंबर-जानेवारींतील रात्री २० अंशांच्या खालीं जाणें हें नेहमींचेंच आहे. म्हणजे झाड मरत नाहीं, खोळंबतें.

खरी अडचण थंडीची नसून पावसाच्या वाटणीची आहे. मंगुस्तानाला वर्षाकाठीं साधारण १२५० मिलिमीटर पाऊस पुरतो. मुंबईच्या उपनगरांत दोन हजारांहून अधिक पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढें आठ महिने आकाश कोरडें राहतें. केरळांत नैर्ऋत्येकडील पाऊस ओसरल्यावर ईशान्येकडील पाऊस येतो, म्हणून तेथें कोरड्या दिवसांची रांग आंखूड होते. त्रिशूर जिल्ह्यांत चालकुडीजवळच्या परियारम या गांवीं मंगुस्तानाचीं जुनीं झाडें घरोघर आहेत, त्यामागें हें कारण आहे. तमिळनाडूंत निलगिरीच्या घाटांतही हें झाड रुजलें. कुन्नूरकडे जाणाऱ्या वाटेवर बर्लियार येथें १८७१ सालीं आणि घाटाच्या पायथ्याशीं कल्लार येथें १९०० सालीं सरकारी फळबागा निघाल्या. मंगुस्तानाच्या संबंधांत या दोन बागांचीं नांवें भारतांत नेहमीं घेतलीं जातात.

या झाडाचीं मुळेंही मोठीं नाजूक. बहुतेक झाडांच्या मुळांना पाणी शोषणारी बारीक लव असते. मंगुस्तानाच्या मुळांना ती जवळजवळ नसते. त्यामुळें जमिनींत पाणी असूनही तें वेगानें उचलणें या झाडास जमत नाहीं, आणि एकदां मुळें दुखावलीं कीं तीं भरून यावयास फार काळ लागतो. मुळें लहान व पानें मोठीं, असा हा विषम संसार आहे. म्हणून पहिलीं तीन-चार वर्षें त्याला डोक्यावर सावली लागते. मलायांतील शेतकरी तें केळींच्या किंवा नारळींच्या आडोशाला लावतात. खारें पाणी त्यास सोसत नाहीं. खाडीलगतच्या भागांत कूपनलिकेचें पाणी मचूळ निघालें तर त्या पाण्यावर मंगुस्तान जगवण्याचा खटाटोप करूं नये. कोंकणांतील ज्या नारळी-पोफळीच्या बागांना बारमाही शिंपण आहे, तेथें तें जगूं शकतें व फळूंही शकतें. शहरांतील गच्चीवर, मे महिन्याच्या तापलेल्या सिमेंटावर, त्याचीं पानें कडेनें करपूं लागतात.

इतकें असूनही बी रुजत नाहीं असें मात्र नाहीं. उलट, या फळाची बी हा वनस्पतिशास्त्रांतील एक विलक्षण प्रकार आहे. आंब्याची कोय लावली तर हापूसच्या पोटीं हापूसच येईल याचा भरंवसा नसतो, कारण कोयींत आई-बाप दोघांचे गुण मिसळलेले असतात. मंगुस्तानाच्या बीमध्यें बापाचा संबंधच नाहीं. फुलांत पराग निर्माण करणारा भाग नांवापुरता असतो. फलन न होतां, आईच्या पेशींपासूनच बी तयार होते. त्यामुळें बीपासून आलेलें रोप गुणानें आईची नक्कल असतें. जगांतील मंगुस्तानाच्या झाडांत जाती म्हणण्यासारखे भेद फार थोडे आढळतात, त्याचें मूळ येथें आहे. आंब्यासाठीं कलम करावेंच लागतें, तसें येथें गुण टिकविण्यासाठीं करावें लागत नाहीं.

पण ही बी धान्यासारखी डब्यांत भरून ठेवण्याची नव्हे. ती सुकली कीं मेली. फळांतून काढल्यावर चार-पांच दिवसांच्या आंत, गर धुऊन, ओलसर मातींत आडवी ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. परदेशांतून शीतपेटींतून आलेल्या फळांच्या बिया बहुधा रुजत नाहींत, कारण थंडीनेंही त्यांचा जीव जातो. केरळांतून आलेलें ताजें फळ असेल तर आशा धरावी. त्यांतही मोठ्या पाकळींतली भरदार बी निवडावी, कारण लहान बीचें रोप बारीक निघतें व लवकर दगावतें. कोंब आल्यावर रोप सुरेख दिसतें. जाड, चकचकीत, समोरासमोर येणारीं पानें पाहून घरचीं मुलें हरखून जातात. मग तें थांबतें. दोन वर्षांनीं त्याची उंची जेमतेम वीतभर किंवा हातभर असते. पहिलें फळ यावयास सात-आठ वर्षें हा उत्तम जमिनींतला, उत्तम पाण्याचा हिशेब झाला. दहा-पंधरा वर्षें लागणेंही नवलाचें नाहीं. कुंडींत तर फळाची गोष्ट बहुतेक सोडूनच द्यावी. शोभेचें झाड म्हणून तें ठेवणाऱ्यानें आनंदानें ठेवावें. फळासाठीं ठेवणाऱ्यानें स्वतःला फसवूं नये.

या फळाभोंवतीं कीर्ति मात्र पुष्कळ जमली आहे. व्हिक्टोरिया राणीनें ताजें मंगुस्तान आणून देणाऱ्यास मोठें बक्षीस जाहीर केलें होतें, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. डेव्हिड फेअरचाइल्ड या अमेरिकन वनस्पतिसंग्राहकानें १९३० सालच्या आपल्या पुस्तकांत ती दिली आणि ती पसरली. राणीच्या काळचा पुरावा कोणी दाखविलेला नाहीं. खरी गोष्ट तिच्याइतकीच मनोरंजक आहे. १८५५ सालीं लंडनजवळच्या सायन हाऊसच्या काचगृहांत, कोळशाच्या उबेवर, मंगुस्तानाला फळ आणण्यांत तेथील माळ्यांस यश आलें. एक फळ काढण्यासाठीं सरदारघराण्याला काचेचें घर व भट्टी लागली, ही गोष्ट गच्चीवर कुंडी ठेवणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मंगुस्तानाच्या कुळाचें शास्त्रीय नांव गार्सिनिया. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेल्या लॉरेंट गार्सिन या वैद्यानें या फळाचें वर्णन केलें होतें, त्याच्या स्मरणार्थ लिनियसनें तें दिलें. आणि याच कुळांतील एक सख्खें भावंड कोंकणच्या डोंगरउतारावर आपोआप उगवत आलें आहे. तें म्हणजे रातांबा. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत त्यास भिरंड म्हणतात, वाळविलेल्या सालीस आमसूल किंवा कोकम म्हणतात, आणि शहरांतल्या बहुतेकांना फक्त ही सालच ठाऊक असते. गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं तेथें छापविलेल्या आपल्या औषधींवरील संवादग्रंथांत ‘ब्रिंदोंइश’ या नांवानें याचा उल्लेख केला आहे. भिरंड हा शब्द त्या रूपांत ओळखूं येतो. हाच ओर्ता मुंबई बेटाचा कांहीं काळ पट्टेदार होता. मुंबईंतील आपल्या आंब्याच्या झाडास वर्षांतून दोनदां फळ येतें, असेंही त्यानें लिहून ठेवलें आहे. त्याच्या त्या झाडाचें पुढें काय झालें, कोण जाणे.

ज्या गृहस्थास मंगुस्तान हवें आहे, त्यानें आधीं रातांब्याकडे पाहावें. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, हेंच रातांब्याचें माहेर. सह्याद्रीच्या पायथ्याशीं, जांभ्या दगडाच्या निकृष्ट जमिनींत, कोणी पाणी न घालतां तो उभा राहतो. पहिलीं दोन उन्हाळें जपलें कीं पुढें मनुष्याकडून त्याची फारशी अपेक्षा नसते. झाड निमुळतें, शंकूसारखें वाढतें. फांद्या खालीं झुकलेल्या, कोंवळी पालवी तांबूस. अरुंद आवारांत अशा बांध्याचें झाड शोभतें आणि भिंतीवर चढाई करीत नाहीं. रोपवाटिकेंत मंगुस्तान म्हणून जें हातीं देतील तें नीट पाहून घ्यावें. मंगुस्तानाचें पान वीतभर लांब, जाड व चामड्यासारखें असतें. रातांब्याचें त्याच्या निम्म्याहून लहान व पातळ. दोन्ही रोपें शेजारीं ठेवलीं तर लहान मूलही फरक सांगेल.

रातांब्याला एक खोड आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळें अनेक अंगणांत निराशा झालेली आहे. यांत नर व मादी झाडें निराळीं असतात. बीपासून रोपें केलीं तर सुमारें निम्मीं नर निघतात, आणि सात-आठ वर्षांनीं फूल येईपर्यंत कोणतें कोण हें ओळखण्याचा सोपा मार्ग नाहीं. आठ वर्षें पाणी घालावें आणि शेवटीं कळावें कीं या झाडास रातांबे येणारच नाहींत! मंगुस्तानाच्या बीवर डोळे मिटून विश्वास ठेवतां येतो, रातांब्याच्या बीवर येत नाहीं. दोघे एका कुळांतले, पण स्वभाव असे विरुद्ध. म्हणून रातांब्याचें कलमच घ्यावें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें कोंकण अमृता व कोंकण हातीस या निवडक जाती दिल्या आहेत. अमृता लवकर पिकणारी आहे, आणि ही गोष्ट मोलाची. कारण उशिरां पिकणारे रातांबे ऐन पावसांत सांपडतात आणि साली वाळवावयास ऊन मिळत नाहीं. हातीसचीं फळें मोठीं. कलमाला चौथ्या-पांचव्या वर्षीं फळ धरूं लागतें. परागासाठीं जवळपास एखादें नर झाड असावें लागतें. बागेंत दहा मादी झाडांमागें एक नर पुरतो. गृहसंस्थेंत तीन-चार बिऱ्हाडांनीं मिळून झाडें लावलीं तर त्यांत एक नर कलम मुद्दाम घ्यावें.

कलम घेतांना आणखी एक गोष्ट विचारावी. या कुळांतील झाडांत उभ्या जाणाऱ्या शेंड्याचा व आडव्या फांदीचा स्वभाव कायमचा भिन्न असतो. उभ्या शेंड्याची काडी घेऊन कलम बांधलें तर झाड सरळ उंच जातें. आडव्या फांदीची काडी बांधली तर तें जन्मभर आडवें, झुडुपासारखें पसरतें. त्यास काठीचा आधार देऊन वळण लावावें लागतें. फळबाग करणारा उभें कलम मागतो. पण ज्याच्या अंगणावरून विजेची तार किंवा वरच्या मजल्याची खिडकी जाते, त्याला बसकें झाडच अधिक सोयीचें. मंगुस्तानाच्या कलमांतही हाच प्रकार घडतो, आणि तेथें आडव्या काडीचें झाड इतकें सावकाश वाढतें कीं बघणाऱ्याचा धीर सुटतो.

लागवडीचें तंत्र फार नाहीं. जून-जुलैंत, पहिला जोराचा पाऊस होऊन जमीन निवाल्यावर, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यांत शेणखत व माती भरून कलम लावावें. बांधलेला सांधा मातीच्या वर राहील अशी काळजी घ्यावी आणि सांध्याखालून फुटणारे धुमारे काढीत जावें, नाहीं तर खालचें जंगली झाडच वर येतें. नव्या वसाहतींत बांधकामाचा राडारोडा भरून जमीन केलेली असते. तो खड्ड्याच्या तळापर्यंत उकरून टाकणें हें शेणखताहून अधिक महत्त्वाचें आहे. फरशी घालणारे कारागीर बुंध्यापर्यंत सिमेंट आणून भिडवितात. बुंध्याभोंवतीं निदान चार फुटांचें आळें उघडें ठेवावें व त्यांत पालापाचोळा पसरावा. काशीगांवांत डोंगर जवळ असल्यानें फळावर माकडांचा व वटवाघळांचा पहिला हक्क लागूं शकतो. रातांबा आंबट असल्यामुळें त्या वाट्यांतून बराच वांचतो, हाही त्याचा एक गुण समजावा.

आतां आस्वादाकडे वळावें. मंगुस्तान विकत घेतांना साल अंगठ्यानें दाबून पाहावी. किंचित् दबली तर फळ ताजें. लाकडासारखी कठीण लागली तर आंतला गर बिघडलेला असण्याचाच संभव, मग रंग कितीही सुंदर असो. फळ उंचावरून आपटलें तरी साल अशी कठीण होते. टोपी हिरवी व टवटवीत असावी. फळाच्या बुडाशीं फुलासारखी एक नक्षी असते. तिच्या पाकळ्या मोजाव्या, आंत तितक्याच फोडी निघतात. जितक्या फोडी अधिक तितक्या त्या लहान, आणि लहान फोडींत बी नसण्याचा संभव जास्त. म्हणून खाण्यासाठीं सहा-सात पाकळ्यांचें फळ निवडावें, पेरण्यासाठीं चार-पांचांचें. ही परीक्षा मुलांच्या हातीं द्यावी, बाजारांत त्यांना दुसरा उद्योग लागत नाहीं. सुरी सालीभोंवतीं फिरवावी, गरापर्यंत जाऊं देऊं नये, आणि दोन्ही अर्ध वाट्या विरुद्ध दिशांनीं पिरगाळाव्या. लसणाच्या पाकळ्यांसारख्या शुभ्र फोडी वाटींत राहतात. सालीचा जांभळा रस कपड्यावर पडला तर डाग सहसा निघत नाहीं. गरांत कोठें पिवळा चीक उतरलेला दिसला तर तो भाग कडू लागतो, तो टाकावा. फळ गोड, किंचित् आंबट व सुवासिक आहे. पोषणाच्या दृष्टीनें मात्र तें पेरूच्या जवळपासही येत नाहीं. सालीच्या अर्कांचीं जीं औषधें जाहिरातींतून खपविलीं जातात, त्यांच्या गुणांबद्दलचा पुरावा अपुरा आहे. कुळाच्या नांवावर वजन घटविण्याच्या गोळ्याही विकल्या जातात, त्या केरळांतल्या कुडंपुळी या भावंडाच्या सालीपासून. त्यांच्या सेवनानंतर कांहींच्या यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत. कढींत घालावयाचीं चार आमसुलें निराळीं आणि अर्काच्या गोळ्या निराळ्या.

रातांब्याचा आस्वाद ताटापेक्षां बरणींत अधिक. पिकलेलीं लालजांभळीं फळें एप्रिल-मेमध्यें उतरवावीं, धुवून कोरडीं करावीं आणि अर्धीं कापून गर व बिया वेगळ्या कराव्या. सालींच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणींत थर द्यावे. वजनानें सालींच्या दुप्पट साखर धरावी. बरणीला दादरा बांधून सात-आठ दिवस उन्हांत ठेवली कीं सरबताचा घट्ट अर्क सुटतो, त्यालाच अमृतकोकम म्हणतात. आमसुलें करावयाचीं तर साली मिठाच्या रसांत बुडवून उन्हांत वाळवाव्या, पुन्हा त्याच रसांत बुडवाव्या, पुन्हा वाळवाव्या. चार-पांच वेळां असें केलें कीं त्या काळ्याभोर व चिवट होतात. मीठ घालून ठेवलेल्या नुसत्या रसाला आगळ म्हणतात. नारळाच्या दुधांत तें घालून केलेली सोलकढी कोंकणांत व गोव्यांत जेवणाच्या शेवटीं लागतेच. या कशालाही ॲल्युमिनियमचें किंवा बिनकल्हईचें पितळी भांडें वापरूं नये. आंबट रसानें तें खातें. बियाही टाकावयाच्या नाहींत. त्या वाळवून, कुटून, पाण्यांत उकळल्या म्हणजे वर तूप तरंगतें. निवल्यावर त्याची घट्ट वडी होते. हेंच भिरंडेल. हिवाळ्यांत भेगाळलेल्या टाचांना व फुटलेल्या ओठांना तें लावण्याची चाल जुनी आहे. खोलींतल्या उबेंत तें घट्ट राहतें आणि अंगाच्या उबेला पातळ होऊं लागतें, म्हणून मलमें व प्रसाधनें करणारे आज त्याला मागणी करतात. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

ज्यांच्याकडे मातीचा पट्टाही नाहीं, फक्त गच्ची किंवा सज्जा आहे, त्यांनीं झाडांऐवजीं वेली व झुडुपें पाहावीं. अननस सर्वांत सोपा. फळाचा शेंडा पिरगाळून काढावा, खालचीं पानें सोलावीं, चार दिवस सावलींत सुकूं द्यावा आणि बादलीएवढ्या कुंडींत लावावा. दीड-दोन वर्षांत फळ येतें. वाढ पुरी होऊनही फूल दिसेना, तर त्यावर पिशवी घालून आंत दोन-तीन पिकलेलीं सफरचंदें आठवडाभर ठेवण्याची युक्ति आहे. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनें अननसाला फुलण्याची प्रेरणा मिळते. कृष्णकमळाच्या जातींतलें पिवळें कृष्णफळ वर्षभरांत मांडवावर चढून फुलतें. पण त्याचा एकच वेल लावला तर फुलें येतात आणि गळतात, कारण स्वतःच्या परागानें त्यास फळ धरत नाहीं. निरनिराळ्या बियांचे दोन वेल हवेत. फूल दुपारीं उमलतें. भुंगे आले तर ठीक, नाहीं तर दुपारच्या चहाआधीं कापसाच्या बोळ्यानें एकाचा पराग दुसऱ्यास लावावा. गुजरात सरकारनें २०२१ सालीं ज्यास कमलम असें नांव दिलें, तें ड्रॅगन फळ निवडुंगाचा प्रकार आहे. गच्चीचें ऊन त्यास मानवतें, जास्त पाणी मानवत नाहीं, आणि तें रात्रीं फुलतें.

चिकूचें कलम अर्ध्या पिंपांत चांगलें फळतें. पालघर जिल्ह्यांतील घोलवडला १८९८ सालीं महाराष्ट्रांतील चिकूची पहिली लागवड झाल्याचें सांगतात, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं मानांकन मिळालें. म्हणजे हें परदेशी झाड या किनाऱ्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ घर करून आहे. खिरणीच्या खुंटावर बांधलेलें कलम मागून घ्यावें. मात्र अर्ध्या पिंपांत शंभर लिटर माती मावते आणि ती भिजल्यावर तिचें वजन दीडशे किलोहून अधिक भरतें. अशीं चार पिंपें एका ओळींत मांडण्यापूर्वीं गच्चीची बांधणी जाणणाऱ्यास विचारावें, आणि पिंपें तुळईच्या वर, पायांवर उचलून ठेवावीं. गळक्या छतावरून शेजाऱ्यांत जे तंटे होतात, त्यांत चिकूचा वांटा नसलेला बरा.

राहतां राहिली ती बशींतली मंगुस्तानाची बी. ती टाकून देण्याचें कारण नाहीं. उभट पिशवींत, पालापाचोळ्याच्या मातींत ती रुजवावी, स्वयंपाकघराच्या सावलीच्या खिडकींत ठेवावी, माती कधीं सुकूं देऊं नये. नळाच्या पाण्यांत क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी रात्रभर उघडें ठेवून घालावें. रोप दोन-तीन वर्षांचें झालें आणि कोंकणांत नारळी-पोफळीची, बारमाही शिंपणाची बाग असलेला एखादा आप्त असला, तर जुलैंत तें त्याच्याकडे पोंचवावें. प्रवासांत पिशवी उभी धरावी, मुळांभोंवतींचा गोळा हलूं देऊं नये, आणि लावतांना पिशवी ओढून न काढतां ब्लेडनें उभी चिरून सोडवावी.